पुसलेल्या फाइलीचा पुनर्लाभ : लिनक्स फाइल-व्यवस्थेचा विचार

श्रीरामपूर शहराचे रेल्वे स्थानक दीर्घकाळ 'बेलापूर' या नावाने ओळखले गेले. नवख्या प्रवाशास हे चमत्कारिक वाटते. तथापि नाव व वस्तू या दोन भिन्न गोष्टी आहेत, एवढे त्यावरून सहज ध्यानात येते. लिनक्समध्ये पुसली गेलेली फाइल केव्हा परत मिळते व केव्हा मिळत नाही, हे समजण्यास हाच भेद उपयोगी पडतो.

श्रीरामपूर परिसरात प्रवरेच्या कालव्यांवरील पाणीवाटपाचा अभ्यास करणारा एखादा पदव्युत्तर विद्यार्थी कल्पावा. दोन हंगाम शेतकऱ्यांच्या मुलाखती घेऊन त्याने सिद्ध केलेली टिपणे 'आरएम' या आज्ञेने चुकून पुसली गेली. ही आज्ञा फाइल कचरापेटीत टाकीत नाही. मग नष्ट झाले ते नेमके काय?

'एक्स्ट' कुळातील फाइल-व्यवस्थांत फाइलीची तीन अंगे असतात. निर्देशिकेत तिचे नाव व एक क्रमांक असतो. त्या क्रमांकाच्या 'आयनोड' नामक नोंदीत मालक, आकार व मजकुराच्या जागांचे पत्ते असतात. प्रत्यक्ष मजकूर बहुधा ४०९६ बाइटांच्या ठोकळ्यांत साठविलेला असतो. आज्ञा प्रथम नाव काढते व आयनोडमधील दुव्यांची संख्या एकाने घटविते. ती शून्य झाली आणि कोणत्याही प्रोग्रामने फाइल उघडून धरलेली नसली, तरच ठोकळे मोकळे ठरतात. म्हणून एखाद्या प्रोग्रामात फाइल अद्याप उघडी असेल, तर तो बंद करू नये. 'प्रॉक' निर्देशिकेतील त्याच्या 'एफडी' विभागातून तिची प्रत काढून घेता येते.

ठोकळे मोकळे ठरले तरी त्यांतील मजकूर तत्काळ पुसला जात नाही. पत्ता मात्र हरवू शकतो. १९९३ सालच्या एक्स्ट-२ मध्ये फाइल पुसल्यावरही आयनोडमधील पत्ते राहत, त्यामुळे 'डीबगएफएस'च्या साहाय्याने ती परत मिळविणे शक्य असे. नोव्हेंबर २००१ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात आलेल्या एक्स्ट-३ मध्ये हे पत्ते शून्य करण्यात येऊ लागले. पुसण्याचे काम मध्येच खंडित झाल्यास ते पुढे निर्धोकपणे पुरे व्हावे, हा त्यामागील हेतू होय. डिसेंबर २००८ मध्ये स्थिर ठरलेल्या एक्स्ट-४ मध्येही पत्त्यांची नोंद रिकामी केली जाते.

तरीही दोन मार्ग उरतात. पहिला 'जर्नल'चा. या रोजनाम्यात आयनोडची पूर्वीची प्रत शिल्लक असू शकते; 'एक्स्ट४मॅजिक' हे साधन तिचाच शोध घेते. परंतु रोजनामा चक्राकार असून जुन्या नोंदींवर नव्या नोंदी चढतात. दुसरा मार्ग मजकुरावरून फाइल ओळखण्याचा. 'फोटोरेक' फाइलीच्या प्रारंभीची ठरावीक खूण शोधते. त्यात नाव मिळत नाही, आणि विखुरलेली फाइल अखंड मिळेलच असे नाही. साध्या मजकुराच्या फाइलीस अशी खूण नसते. तेथे 'पाटपाणी' यासारखा टिपणांत हमखास येणारा शब्द संपूर्ण डिस्कवर शोधावा लागतो.

या सर्व उपायांची एकच अट आहे : मोकळ्या ठोकळ्यांवर नवे लेखन झालेले नसावे. यास्तव त्या विभागावरील काम त्वरित थांबवावे, तो विलग करावा वा केवळ वाचनापुरता जोडावा, त्याची संपूर्ण प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी आणि शोध त्या प्रतीतच करावा. पुनर्लाभाचे साधन त्याच डिस्कवर स्थापित करणे म्हणजे उरलेल्या आशेवर पाणी सोडणे होय. सॉलिड-स्टेट डिस्कवर धोका अधिक. तेथे 'ट्रिम' आज्ञेने मोकळे ठोकळे डिस्कला कळविले गेले, की ते वाचल्यास बहुधा शून्येच मिळतात. अनेक लिनक्स वितरणांत ही आज्ञा आठवड्यातून एकदा आपोआप दिली जाते.

तात्पर्य, पुनर्लाभ हा शास्त्रापेक्षाही अवधीचा प्रश्न आहे. ज्या मुलाखती पुन्हा घेता येणार नाहीत, त्यांची दुसरी प्रत अन्यत्र ठेवणे हे संशोधनाचेच एक अंग मानले पाहिजे.