वार पडेपर्यंतचा अर्धा तास

बाळ रडलं, नाळ कापली की बाळंतपण उरकलं असं घरच्यांना वाटतं. नर्सचं लक्ष मात्र अजून घड्याळाकडे असतं. वार पडायची असते. बाळ बाहेर आल्यावर गर्भाशय आक्रसतं, त्याला चिकटलेली अर्ध्या किलोची वार आक्रसत नाही. त्यामुळे ती सुटते. नाळ खाली सरकते, रक्ताचा लोंढा येतो, ओटीपोटात घट्ट गोळा लागतो. अर्ध्या तासात हे झालं नाही तर वार अडकली असं धरतात.

गरोदरपणाच्या अखेरीस गर्भाशयाकडे मिनिटाला अर्धा लिटरहून अधिक रक्त जातं. वार सुटलेल्या जागच्या उघड्या रक्तवाहिन्या आवळतात त्या गर्भाशयाच्या स्नायूंच्या विणीमुळेच. वार अर्धवट सुटून आत राहिली तर ही वीण घट्ट बसत नाही. अशा वेळी कुणी नाळ हिसकली तर ती तुटते. क्वचित गर्भाशयच उलटं होऊन बाहेर येतं.

वार अडकली तर पहिलं काम साधं: लघवीची पिशवी रिकामी करणं. मग सलाईन, ऑक्सिटोसिन, प्रशिक्षित हाताने नाळेवर बेताचा ताण. तरीही पडली नाही तर भूल देऊन डॉक्टर हाताने वार काढतात, प्रतिजैविकाचा डोस देतात आणि तुकडा राहिला नाही ना हे वार उलटसुलट करून पाहतात. आधीच्या सिझेरियनच्या व्रणात रुतलेली वार मात्र ओढायचीच नसते. तिथे मोठी शस्त्रक्रिया लागू शकते.

त्यासाठी मोठं रुग्णालय गाठावं लागतं, आणि पाथर्डी तालुक्यातून ते सोपं नाही. पाथर्डीहून अहिल्यानगर सुमारे ५० किलोमीटर, वाटेत करंजी घाट. शिवाय तालुक्यातली कितीतरी जोडपी दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. फडाशेजारच्या कोपीत बाळंतपण झालं तर १०८ ला फोन वार अडकायची वाट न बघताच करायला हवा.

अशा ठिकाणी औषधाचाही प्रश्न असतो: ऑक्सिटोसिनला २ ते ८ अंश थंडावा लागतो. मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांना फ्रीज लागत नाही. बेळगाव जिल्ह्यात परिचारिकांनी घरी आणि उपकेंद्रांत त्या दिल्या, तेव्हा बाळंतपणानंतरच्या अतिरक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ वर आलं. हे निष्कर्ष २००६ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. या गोळ्या अडकलेली वार काढत नाहीत, रक्तस्राव रोखायला मदत करतात. मला त्याहून मोलाचं वाटतं ते याच अभ्यासात वापरलेलं मापाच्या खुणांचं प्लास्टिकचं कापड. बाईच्या खाली ते अंथरलं की रक्त त्यात साठतं. नुसत्या नजरेचा अंदाज बहुतेकदा कमीच भरतो, विशेषतः रक्त लुगड्यात आणि गोधडीत मुरत असेल तेव्हा.