खोल्या बांधा, पण अर्ध्या खोल्यांत हप्ता निघाला पाहिजे



'साहेब, कपाशीवर काय फवारू?' हा प्रश्न ऐकण्यात माझी बरीच नोकरी गेली. अलीकडे बांधावर दुसराच प्रश्न येतो. 'साहेब, जालन्यात प्लॉट आहे. आठ खोल्या काढून भाड्याने द्याव्यात म्हणतो. कर्ज काढू का?'

समृद्धी महामार्ग आपल्या बदनापूर आणि जालना तालुक्यांतून गेला. ११ डिसेंबर २०२२ रोजी त्याचा नागपूर ते शिर्डी हा भाग सुरू झाला. जमिनी गेल्या, पण पुष्कळ घरांत एकरकमी पैसा आला. काहींचा गाड्यांत गेला, काहींचा लग्नांत. ज्यांनी तो जपला, त्यांना आता भाड्याच्या खोल्या खुणावतात.

विचार वाईट नाही. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत पोलादाचे कारखाने आहेत, बियाण्यांचा धंदा आहे. परप्रांतांतले मजूर येतात, नोकरदार येतात, शिकायला मुले येतात. सर्वांना निवारा हवा. परंतु लक्षात घ्या, खोल्या हे मोसंबीच्या बागेसारखे पीक आहे. पैसा आधी घालावा लागतो, उत्पन्न सावकाश येते, आणि एखाद्या वर्षी बहर धरतच नाही.

बहर न धरलेले वर्ष

असे एक वर्ष आपण पाहिले आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि मजूर पायी गावाकडे निघाले. ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ रुळांवर थकून झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले. ते जालन्याच्या पोलाद कारखान्यात कामाला होते, गाव मध्य प्रदेशात. ज्यांना आपण 'भाडेकरू' म्हणतो ती अशी माणसे असतात, हे विसरू नये. त्याच वर्षी एप्रिलमध्ये राज्य सरकारने घरमालकांना भाडेवसुली निदान तीन महिने पुढे ढकलण्यास सांगितले होते. भाडे थांबले, खोल्या रिकाम्या झाल्या. पण घेतलेले कर्ज आणि त्यावरचे व्याज डोक्यावर राहिलेच.

कागदावर हिशेब

पाया खणण्यापूर्वी घरातल्या सर्वांनी मिळून हिशेब मांडावा. आकडे समजण्यापुरते घेऊ. तुमच्या जागी तुमचे आकडे घाला.

आठ खोल्या, खर्च १८ लाख. भाडे खोलीमागे महिना २,५०० रुपये. सर्व भरल्या तर २०,००० रुपये. पण एक खोली नेहमी रिकामी धरावी, म्हणजे १७,५०० राहिले. घरपट्टी, पाणी, सामायिक वीज, रंग आणि डागडुजी यांचे महिना ३,००० वजा करा. हाती १४,५०० आले.

आता दहा लाख कर्ज, दहा टक्के व्याज, मुदत दहा वर्षे असे धरले तर मासिक हप्ता सुमारे १३,२१५ रुपये पडतो. शिल्लक उरते १,२८५. आणखी एक खोली रिकामी झाली की हप्त्यासाठी शेतीतला पैसा ओढावा लागेल.

तेच कर्ज पाच लाख घेतले तर हप्ता ६,६०८ रुपये. अशा वेळी आठांपैकी चारच खोल्या भरल्या तरी १०,००० येतात, खर्च जाऊन ७,००० उरतात आणि हप्ता निघतो. म्हणून माझा सल्ला असा: अर्ध्या खोल्या रिकाम्या राहूनही जेवढा हप्ता निघेल, तेवढेच कर्ज घ्या. पैसा कमी असेल तर आधी चार खोल्या काढा. उरलेल्या भाड्यातून पुढच्या चार काढा.

आणखी एक. पीककर्ज बांधकामात घालू नका. वेळेवर फेडल्यास त्यावर व्याजाची सवलत मिळते. ते विटांत अडकले की पेरणीला सावकाराचे दार गाठावे लागते. खोल्यांसाठी सगळी शेतजमीन तारण देऊ नका. बँकेत जाण्यापूर्वी प्लॉटचे नोंदणीकृत खरेदीखत आणि मंजूर नकाशा हाती असू द्या. साध्या बाँडपेपरवर घेतलेल्या गुंठ्यावर घर उभे करू नका.

करार हवाच

इथे माझीच चूक सांगतो. मी स्वतः शहरात चार खोल्या काढल्या. पहिला भाडेकरू ओळखीतून आलेला. 'आपलाच माणूस आहे' म्हणून करार केला नाही, पावतीही दिली नाही. पुढे भाडे किती ठरले यावरच वाद झाला. मी एक आकडा म्हणे, तो दुसरा. शेवटी तो सात महिन्यांचे वीजबिल मागे ठेवून निघून गेला. दोष त्याच्याइतकाच माझाही होता.

'अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही' असा पुष्कळांचा समज आहे. तो चुकीचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदलेला पाहिजे, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरू सांगेल ते खरे धरले जाते; तसे नाही हे सिद्ध करणे मालकाकडे येते. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. भाड्याची पावती देणेही मालकाला बंधनकारक आहे. पोलिस ठाण्यात भाडेकरूची माहिती द्यावी. वाद झाला तरी पाणी आणि वीज तोडू नये. कायद्याने तो गुन्हा आहे.

पाणी आणि वही

२०१२-१३ च्या दुष्काळात जालना टँकरवर जगले. पाणी नाही तिथे भाडेकरू टिकत नाही. एक हजार चौरस फूट स्लॅबवर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर सुमारे नऊ हजार लिटर पाणी मिळते. शेततळ्याचा हाच हिशेब आपण शेतात करतो, तो छतावरही करा. प्रत्येक खोलीला वेगळे वीजमीटर ठेवा. संडासाला पाणी आणि खिडकीला वारा असू द्या.

खोल्यांची वही शेतीच्या वहीपासून वेगळी असावी. शेतीचे उत्पन्न करमुक्त आहे, भाड्याचे नाही. मात्र भाड्यातून भरलेली घरपट्टी वजा करून उरलेल्या रकमेवर तीस टक्के सूट मिळते, आणि कर्जाचे व्याजही वजा करता येते. वही नसेल तर सवलत कशाच्या आधारे मागाल? ही वही घरच्या लक्ष्मीच्या हाती द्यावी, असे मला वाटते. आमच्या घरी दिल्यापासून एकही पावती चुकलेली नाही.

जमीन गेली ती परत येणार नाही. तिच्या बदल्यात आलेला पैसा ही तुमच्या मुलाबाळांची जमीनच आहे, आणि त्यात मुलींचाही वाटा आहे. म्हणून सही करण्यापूर्वी एका संध्याकाळी सर्वांनी एकत्र बसा, आकडे मांडा आणि एकच प्रश्न विचारा: अर्ध्या खोल्या रिकाम्या राहिल्या तर हप्ता निघेल का? उत्तर 'हो' आले तर खुशाल पाया खणा. 'नाही' आले तर कर्ज कमी करा, नाहीतर एक हंगाम थांबा. वापसा येईपर्यंत आपण तिफण धरत नाही, तसेच हे आहे.