घाई केली तर गाळ, धीर धरला तर थर

खडीसाखर करताना पाक सावकाश निवला तर दोऱ्यावर मोठे स्फटिक धरतात. घाईने निववला तर नुसती बारीक साखर होते. सोलापूर विद्यापीठात अर्धवाहकांच्या पातळ थरांवर संशोधन झाले आहे. तिथेही धीरच कामी येतो. आपण कॅडमियम सल्फाइडचे उदाहरण घेऊ. कॅडमियम क्षाराच्या द्रावणात पुरेसा अमोनिया घातला की कॅडमियमचे आयन त्याच्याशी बांधले जातात आणि थोडेथोडेच मोकळे होतात. गरम द्रावणात थायोयुरियातूनही सल्फाइड आयन हळूहळू सुटतात. म्हणून बुडवलेल्या काचेवर पिवळा थर चढतो. दोन्ही आयन एकदम भेटले, तर तळाशी गाळच बसतो. सौरघटांत असा थर केसाच्या जाडीच्या सुमारे हजाराव्या भागाइतका असतो. कॅडमियम विषारी आहे. वर्गात आपण खडीसाखरच करू.