धाडस देणगीत दिसत नाही: डहाणू-तलासरीतले पाच गैरसमज

डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके संपूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात येतात. इथे चिकूच्या वाड्या आहेत, खाडी आहे, वारल्यांचे पाडे आहेत आणि मुंबई-अहमदाबाद महामार्गही आहे. उद्योगांनी निसर्गासाठी आणि समाजासाठी काय करावे, हा प्रश्न म्हणूनच इथे रोजच्या जगण्याचा आहे. मात्र त्याचे माप चुकले, तर शाबासकीही चुकीच्या ठिकाणी जाते.

गैरसमज १: सीएसआरचा, म्हणजे सामाजिक उत्तरदायित्वाचा, खर्च केला की कंपनीची जबाबदारी संपली.

वस्तुस्थिती: कंपनी कायदा २०१३च्या कलम १३५ नुसार ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. शाळेची बाके किंवा पाण्याची टाकी गावाच्या उपयोगाचीच असते. पण नफा कमावताना धूर कुठे गेला, राख कुठे टाकली, मजुरी किती दिली, याचे उत्तर त्या खर्चात मिळत नाही. भांडवली बाजारातल्या आघाडीच्या १,००० कंपन्यांना २०२२-२३ पासून ऊर्जा, पाणी, उत्सर्जन आणि कामगार यांचा अहवाल सेबीच्या नियमाने द्यावा लागतो. तो जाहीर असतो, आपणही तो वाचायला हवा.

गैरसमज २: पर्यावरणाच्या अटी घातल्या की उद्योग बंद पडतो.

वस्तुस्थिती: केंद्र सरकारने २० जून १९९१ रोजी डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून अधिसूचित केला. उद्योगांची वर्गवारी झाली आणि त्यांच्यासाठी एकूण कमाल ५०० एकर जागेची मर्यादा आखली गेली. त्याच तालुक्यात १९९५ मध्ये बीएसईएस या वीज कंपनीचे ५०० मेगावॉटचे औष्णिक वीज केंद्र सुरू झाले. कोळसा जळताना निघणारा सल्फर डायऑक्साइड रोखणारी यंत्रणा बसवण्याचा आदेश डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने १९९९ मध्ये दिला. २००७ मध्ये ती बसली. तिच्यात समुद्राचे पाणी वापरतात; ते मुळात किंचित अल्कधर्मी असल्याने हा वायू शोषून घेते. या यंत्रणेचा खर्च होऊनही केंद्र बंद पडले नाही. मालकी बीएसईएसकडून रिलायन्सकडे आणि २०१८ मध्ये अदानी समूहाकडे गेली, वीज मुंबईला मिळतच राहिली. देशभरातल्या औष्णिक केंद्रांसाठी या वायूची मर्यादा केंद्राने ठरवली ती डिसेंबर २०१५ मध्ये. डहाणू त्याच्या आठ वर्षे पुढे होते.

गैरसमज ३: असा बदल कंपनीच्या मोठेपणातून होतो.

वस्तुस्थिती: डहाणूत आधी नागरिक उभे राहिले. नर्गिस इराणी, कित्याम रुस्तम यांच्यासारख्या स्थानिकांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. पर्यावरणवादी बिट्टू सहगल यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर १९९६ रोजी आदेश दिला. त्यातून डिसेंबरमध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले आणि न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी यांनी त्याचे अध्यक्षपद दीर्घकाळ सांभाळले. आदेश आणि यंत्रणा यांच्यात गेलेली आठ वर्षे मला सर्वांत महत्त्वाची वाटतात. हानी कळल्यापासून ती थांबवण्यापर्यंत किती काळ गेला, यावरूनच उद्योगाच्या नेतृत्वाचे धाडस ठरते. आदेशाची वाट न पाहता पहिल्याच दिवशी ती यंत्रणा उभारणे, याला धाडस म्हणता आले असते.

गैरसमज ४: भौगोलिक मानांकन मिळाले की पैसा आपोआप येतो.

वस्तुस्थिती: वारली चित्रकलेला २०१४ मध्ये आणि घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये मानांकन मिळाले. मानांकन नावाला संरक्षण देते, बाजार मिळवून देत नाही. उत्पादकाला अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतंत्र नोंदणी करावी लागते. पिकलेला चिकू फार दिवस टिकत नाही, त्यामुळे प्रक्रिया झाली तरच बागायतदाराला दर मागता येतो. बोर्डीच्या हिल झिल वाइन्सने चिकूचे पेय तयार करून ती वाट दाखवली. गंजाडचे चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली आणि वारली चित्रे जगभर पोहोचली. पण यंत्रावर छापलेल्या वारली नक्षीच्या कापडातून चित्रकाराच्या घरात काही येत नाही. त्याच्याशी करार करून त्याला मोबदला देणारा व्यापारीच खरा बदल घडवतो.

गैरसमज ५: लोकांना विचारत बसले की विकास रखडतो.

वस्तुस्थिती: पेसा कायदा १९९६ नुसार अनुसूचित क्षेत्रात प्रकल्पासाठी जमीन घेण्याआधी ग्रामसभेशी किंवा पंचायतीशी सल्लामसलत करणे बंधनकारक आहे. त्याची गरज इथला इतिहासही दाखवतो. तलासरीतल्या झरी गावात मे १९४५ मध्ये वारली शेतमजूर जमले आणि किसान सभेच्या गोदावरी परुळेकरांच्या साथीने त्यांनी वेठ नाकारली. ज्यांचे श्रम आणि ज्यांची जमीन, त्यांना न विचारता केलेला धंदा अन्यायाचा होता आणि तो टिकलाही नाही. डहाणू तालुक्यातल्या वाढवण बंदराला पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने १९९८ मध्ये नकार दिला, २०२३ मध्ये परवानगी दिली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये भूमिपूजन झाले. मच्छीमारांचा विरोध मात्र कायम राहिला. परवानगीचा कागद मिळाला, तरी लोकांचा विश्वास वेगळा कमवावा लागतो.

पुढच्या वेळी एखादी कंपनी गावात कार्यक्रम घेईल, तेव्हा तिला तीन प्रश्न विचारा: तुमच्या कामाने होणारी हानी तुम्हाला कधी कळली? ती थांबवायला किती वर्षे लागली? निर्णयाआधी ग्रामसभेला विचारले होते का? ज्या उद्योजकाकडे या तिन्हींची उत्तरे असतील, तो कौतुकाला पात्र आहे आणि ते आपण मोकळ्या मनाने करावे.