तेजी गिरणीत, मंदी चुलीपाशी

महिनाअखेर जवळ आली की डब्यांची झाकणं जरा जास्तच उघडली जातात. कशात पसाभर डाळ उरली आहे, कुठल्या बरणीतलं तेल तळाला गेलं आहे, हे आपल्याला न बघताही ठाऊक असतं. म्हणूनच 'मंदी आली' असं वर्तमानपत्रात छापून येण्याच्या कितीतरी आधी ते घरच्या बाईला उमगलेलं असतं.

महामंदी म्हटलं की १९२९ सालची अमेरिका आठवते. पण तेजीचा तसाच बहर आणि मागोमाग तशीच ओहोटी आपल्या परळ-लालबागनंही पाहिली आहे. तीही अमेरिकेच्या पाच-सहा वर्षं आधीच! त्या दिवसांत एका खोलीतले संसार कसे तगले, हे पाहू लागलं तर आजही आपल्या उपयोगी पडेल असं त्यात बरंच सापडतं.

गिरण्यांची सुगी

पहिलं महायुद्ध १९१४ साली सुरू झालं आणि विलायतेहून येणारं कापड आटलं. मुंबईच्या गिरण्यांना सुगी आली. लढाई १९१८ मध्ये संपली, तरी ही सुगी १९२२ पर्यंत टिकली. भागधारकांना भरघोस डिव्हिडंड मिळाले. शहरात बांधकामाच्या मोठमोठ्या योजना निघाल्या. वरळी, नायगाव, डिलाईल रोडच्या बीडीडी चाळी याच तेजीच्या भरात बांधायला घेतल्या गेल्या.

तुम्ही म्हणाल, मग कामगारांच्या घरीही रोज दिवाळीच असेल! पगार वाढले, बोनस मिळू लागला, हे खरं. पण धान्य आणि कापड पगाराच्या पुढे धावत होतं. १९१८ साली पावसानं दगा दिला. त्यातच इन्फ्ल्यूएंझाच्या साथीनं घरंच्या घरं अंथरुणाला खिळली. १९१९ च्या जानेवारीत लाखाहून अधिक कामगारांनी महागाईपायी संप केला.

१९२१-२२ मध्ये मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसनं सुमारे अडीच हजार कामगार कुटुंबांचा जमाखर्च तपासला. कुटुंबाची महिन्याची मिळकत सरासरी ५२ रुपये. त्यातले निम्म्याहून जास्त पैसे खाण्यात जात. शंभरातली ९७ कुटुंबं एकाच खोलीत राहत होती आणि ४७ कुटुंबं कर्जबाजारी होती. गिरण्यांच्या तेजीचे दिवस, तरी ही गत!

कर्जाचं व्याज बहुधा रुपयाला महिना एक आणा. ऐकायला केवढंसं वाटतं! पण जरा मांडून पाहा. महिन्याला आणा म्हणजे वर्षाला बारा आणे. शेकडा पंचाहत्तर टक्के. मुलीच्या लग्नासाठी शंभर रुपये काढले, तर वर्षाकाठी ७५ रुपये नुसतं व्याज आणि मुद्दल आपलं जागच्या जागी!

तिकडे अमेरिकेतही १९२० च्या दशकात तेजी होती. मोटार, रेडिओ, कपडे धुण्याचं यंत्र, सगळं हप्त्यानं घरात येत होतं. कारण निराळं, पण गोष्ट एकच. चांगल्या दिवसांत कर्ज सहज मिळतं आणि ते फेडणंही सोपं वाटतं.

ओहोटी लागली

लढाईनंतर जपानचं स्वस्त कापड बाजारात आलं आणि इथल्या गिरण्यांत माल पडून राहू लागला. १९२३ चा बोनस मिळणार नाही, असं मालकांनी सांगितलं. १९२४ च्या आरंभी दीड लाखाच्या आसपास कामगार दोन महिन्यांहून अधिक काळ संपावर राहिले आणि रिकाम्या हातानं कामावर परतले. १९२५ मध्ये पगारात साडेअकरा टक्के कपात जाहीर झाली. पुन्हा संप झाला. सरकारनं कापडावरचा कर उठवला, तेव्हा कुठे कपात मागे घेतली गेली.

१९२८ चा संप तर एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चालला. सहा महिने घरात पगार नाही! एका माणसानं जास्त यंत्रं सांभाळायची, ही नवी पद्धत त्याच्या मुळाशी होती. त्याच वर्षी गिरणी कामगार युनियन उभी राहिली. त्या काळी गिरणी कामगारांत पाचात एक बाई होती. वाइंडिंग आणि रीलिंग खात्यात बायकांचीच गर्दी असे. त्यांना संघटित करायला उषाताई डांगे यांच्यासारख्या कार्यकर्त्या पुढे आल्या.

हे होतंय न होतंय तोच १९२९ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला आणि मंदी जगभर पसरली. १९३३ पर्यंत अमेरिकेत चारांतला एक कामकरी बेकार झाला. मुंबईत त्याच साली कित्येक गिरण्यांना टाळी लागली, ज्या चालू होत्या त्यांत पगार कापले गेले आणि १९३४ मध्ये पुन्हा मोठा संप झाला. गिरगाव-दादरच्या पांढरपेशा घरांनाही झळ लागलीच. १९३१ च्या अखेरीस सरकारी नोकरांच्या पगारात दहा टक्के कपात झाली. तेजीत बांधलेल्या बीडीडी चाळींतल्या तर कितीतरी खोल्यांना भाडेकरूच मिळेनात.

चूल कशी पेटत राहिली?

पहिला आधार गावाचा. कामगार बहुतेक कोकणातले, घाटावरचे. काम गेलं की बायकामुलं गावी जायची. १९२८ चा संप सहा महिने चालला, त्यामागे संप समितीनं वाटलेलं धान्य होतं, तसा गावाकडचा नाचणी-भातही होता. पण १९२९ नंतर शेतमालाचे भाव निम्म्यावर आले. गावच मुंबईच्या मनिऑर्डरीची वाट पाहू लागलं. मग तो आधारही डळमळला.

दुसरा आधार उधारीचा. वाण्याच्या वहीत पान वाढत जायचं. जुन्या लुगड्यांच्या गोधड्या व्हायच्या, थोरल्याचा सदरा धाकट्याला यायचा. गंमत पाहा, त्याच वेळी अमेरिकेतल्या खेड्यांत बायका पिठाच्या रिकाम्या पोत्यांचे फ्रॉक शिवत होत्या. शेवटी पीठ विकणाऱ्या कंपन्या पोत्यांवर फुलांची नक्षी छापू लागल्या! मुलूख कुठलाही असो, बाईची नजर कापडाच्या तुकड्यावर सारखीच पडते.

तिसरा आधार होता अंगावरच्या सोन्याचा. सप्टेंबर १९३१ मध्ये इंग्लंडनं पौंडाचा सोन्याशी असलेला संबंध तोडला. आपला रुपया पौंडाला बांधलेला, त्यामुळे इथे सोन्याचा भाव चढला. तोळ्याला एकवीस-बावीस रुपये होता, तो काही महिन्यांत तिशीच्या घरात गेला. देशभरातून पाटल्या, गोठ, पुतळ्यांच्या माळा बाजारात आल्या आणि वितळून बोटीनं विलायतेला गेल्या. पुढच्या काही वर्षांत शेकडो कोटी रुपयांचं सोनं देशाबाहेर गेलं.

सरकारच्या हिशेबात ती निर्यात होती. भाव चांगला आला म्हणून लोकांनी फायदा करून घेतला, असंही तेव्हा म्हटलं गेलं. पण सारा भरायचा होता, सावकार दारात होता, म्हणूनच कितीतरी घरांतलं सोनं निघालं. ते बाईचं स्त्रीधन. नवऱ्याच्या पश्चात तोच तिचा आसरा. 'दिवस पालटले की पुन्हा करू' असं म्हणून उतरवलेल्या पाटल्या कितीजणींच्या हातात परत आल्या असतील?

खानावळवालीचा हिशेब

चौथा आधार मात्र तेव्हा कुणी मोजलाच नाही. गिरणगावात एकट्या पुरुषांची संख्या मोठी. एकेका गाळ्यात गाववाले दाटीवाटीनं राहायचे आणि जेवायचे शेजारच्या बाईकडे, महिन्याच्या बोलीवर. ती आपल्या खोलीतच पहाटे उठून पाळीवाल्यांच्या भाकऱ्या थापायची. काम बंद पडलं तरी ताटं बंद करता येत नसत. पोरं आपल्याच गावची! मग पैसे थकायचे, आणि वाण्याचं देणं तिच्या डोक्यावर. गिरण्यांच्या संपांमागे या बायकांच्या चुली होत्या.

या कष्टांची दाद लागायला १९७५ साल उजाडावं लागलं. कामगार चळवळीतल्या प्रेमा पुरव यांनी खानावळवाल्या बायकांचं अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केलं. एकीनं दुसरीसाठी जामीन राहायचं, अशा गटांना राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळू लागलं. गहाण टाकायला डाग नाही, तरी बाईच्या स्वतःच्या नावावर कर्ज! सावकाराच्या व्याजातून अनेकींची सुटका झाली.

पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी अडीच लाखांच्या आसपास कामगारांचा संप सुरू झाला. तो रीतसर मागे घेतलाच गेला नाही, गिरण्या मात्र एकेक करून बंद झाल्या. त्या वेळीही कुणी पोळीभाजीचे डबे केले, कुणी भाजी विकली, कुणी घरकामं धरली. कित्येक घरं बाईच्या कमाईवर उभी राहिली. फरक एवढाच की ज्यांच्या हाती स्वतःचं कर्जखातं आणि चार मैत्रिणींची साथ होती, त्यांना सावकाराचा उंबरा चढावा लागला नाही.

आपण काय घ्यावं?

दर महिन्याला वाणसामानाची यादी करताना आणखी तीन गोष्टी तपासून पाहा. घरात कुठले हप्ते चालू आहेत आणि त्यांचं व्याज वर्षाला शेकडा किती पडतं, हे तुमच्या हातानं मांडा. 'महिन्याला थोडंसं' या बोलण्यावर जाऊ नका. तुमच्या नावाचं खातं असू द्या आणि ते तुम्हीच चालवा. आणि दागिना मोडायची वेळ आलीच, तर किती तोळे गेले, कशासाठी गेले, हे वहीत लिहून ठेवा. घरानं ते तुमचं देणं मानलं पाहिजे.

पगार पुन्हा सुरू झाला की नवऱ्याला पेढे मिळतात. मधल्या महिन्यांत चूल जिनं पेटती ठेवली, तिच्याही हातावर एक पेढा ठेवायला काय हरकत आहे?