प्लगची प्रिअस : खर्च आणि लाभ

पेट्रोल आणि वीज अशा दोन्ही शक्तींवर चालणाऱ्या मोटारीस हायब्रिड म्हणतात. टोयोटा कंपनीने १९९७ साली जपानात आणलेली प्रिअस ही त्यांपैकी सर्वांत परिचित. तिची दुसरी आवृत्ती अमेरिकेत आली, तेव्हा काही चिकित्सक मालकांना तिच्यात एक उणीव जाणवली. तिच्या बॅटरीत जेमतेम १.३ युनिट वीज मावे, आणि ती घरच्या विजेवर भरण्याची सोय नसे. म्हणजे सारी शक्ती अखेर पेट्रोलमधूनच यावयाची. २००४ साली कॅलिफोर्नियातील ‘कॅलकार्स’ या संस्थेच्या मंडळींनी जादा बॅटऱ्या बसवून ही मोटार भिंतीवरील प्लगला जोडून दाखविली. पुढे पाच युनिटांची तयार बॅटरी बाजारात आली. किंमत सुमारे दहा हजार डॉलर.

आता हिशेब मांडू. वर्षाला १२,००० मैल प्रवास आणि गॅलनमागे ४६ मैल धरले, तर सुमारे २६० गॅलन पेट्रोल लागते. तीन डॉलर दराने त्याचे होतात ७८० डॉलर. यातील निम्मे वाचले आणि वीज अगदी फुकट मिळाली असे मानले, तरी दहा हजार वसूल होण्यास पंचवीस वर्षांहून अधिक काळ लागेल. मोटारीचे आयुष्य तरी तेवढे असते काय?

शिवाय निम्मी बचतही सर्वांच्या वाट्यास येत नाही. रोज वीस-पंचवीस मैल हिंडणाऱ्यास लाभ मोठा. लांबच्या प्रवासात मात्र जादा वीज लवकर संपते आणि उरते ते नुसते ओझे. त्यातच ताशी ४२ मैलांपुढे या मोटारीचे एंजिन फिरवावेच लागते, बॅटरी कितीही मोठी असो.

धोक्याची बाजू याहून गंभीर आहे. २००८ साली दक्षिण कॅरोलिनात असा फेरबदल केलेली एक प्रिअस जळाली. बॅटरीतील विद्युत्‌जोडणीचे सांधे नीट न बसविल्याचे कारण चौकशीत पुढे आले. फेरबदलामुळे झालेल्या नुकसानीची हमी मूळ कंपनी कशी घेईल?

मग या मंडळींनी हा खटाटोप केला तरी कशासाठी? मला वाटते, त्यांना पैसे वाचवावयाचे नव्हतेच. अशी मोटार होऊ शकते हे कारखानदारांस दाखवावयाचे होते. त्या दृष्टीने खर्च वाया गेला असे म्हणवत नाही. २०१२ साली टोयोटाने प्लगवर भरणारी प्रिअस स्वतःच विक्रीस आणली. तिच्यात ४.४ युनिटांची बॅटरी होती, आणि कंपनीची हमीही.