प्लगची साक्ष

लखनौहून कानपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर सरोजिनीनगरला स्कूटर्स इंडिया लिमिटेड हा सरकारी कारखाना उभा राहिला. इटलीतल्या इनोसेन्ती कंपनीने १९७१ मध्ये लॅम्ब्रेटा स्कूटरचे उत्पादन थांबवले. तिथली यंत्रसामग्री आणि नाव भारत सरकारने विकत घेतले, १९७२ मध्ये कंपनी स्थापन झाली आणि १९७५ पासून लखनौत स्कूटर तयार होऊ लागल्या. देशात त्या ‘विजय’ नावाने विकल्या गेल्या आणि परदेशात ‘लॅम्ब्रेटा जीपी’ म्हणून. जीपी म्हणजे ग्रँड प्रिक्स. बेर्तोने या इटालियन संस्थेने रेखलेली ती बसकी, लांबट आकृती म्हणजे दुचाकींतली स्पोर्ट्स कारच. १९९७ मध्ये ही स्कूटर बंद झाली. आता ती हौशी मालकांच्या हाती आहे, आणि या मालकांची एक सवय जुन्या स्पोर्ट्स कारवाल्यांसारखीच आहे. गाडी मिसिंग करू लागली, सकाळी किक खाऊ लागली, चढावर दमू लागली की पहिला हात स्पार्क प्लगवर पडतो. प्लग स्वस्त असतो, एका पान्याने निघतो आणि बदलल्यावर काहीतरी केल्याचे समाधान देतो. त्यामुळे त्याच्याभोवती समजुतींचे जाळे विणले गेले आहे. त्या समजुती तपासल्या तर बहुतेकींच्या मुळाशी एकच चूक सापडते. इंजिनात काय घडते आहे ते प्लग सांगत असतो, आणि आपण त्यालाच कधी गुन्हेगार ठरवतो, कधी तारणहार.

गैरसमज : महागडा प्लग घातला की ताकद वाढते.

इंजिनाची ताकद पेट्रोल आणि हवेच्या मिश्रणातून येते. प्लग फक्त ते पेटवतो, आणि त्या ठिणगीची ऊर्जा मिलिज्यूलमध्ये मोजावी लागते इतकी थोडी असते. मिश्रण वेळेवर आणि दर वेळी पेटत असेल तर त्याहून जास्त ‘चांगले’ पेटवण्याला फारसा वाव उरत नाही. यावर नेहमीचा आक्षेप असा, की नवा प्लग टाकल्यावर पिकअप सुधारल्याचे कित्येकांना जाणवते. ते खोटे नाही. पण तुलना झिजलेल्या प्लगशी झालेली असते. इलेक्ट्रोडच्या कडा गोल झाल्या आणि गॅप वाढला की अधूनमधून ठिणगी चुकते. नवा प्लग ती चुकवाचुकव थांबवतो, म्हणजे हरवलेले परत देतो. महागड्या इरिडियम प्लगचा खरा गुण टिकाऊपणा. साध्या प्लगच्या टोकातले निकेल १४५५ अंश सेल्सिअसला वितळते, इरिडियम २४०० अंशांच्याही वर, म्हणून त्याचे टोक अगदी बारीक ठेवता येते आणि ते झिजतेही हळू. बारीक टोकावरून ठिणगी थोड्या कमी व्होल्टेजला उडते, त्यामुळे दुबळ्या कॉइलला मदत होते, हेही मान्य. पण टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलबरोबर तेलही जळते. तिथे प्लग झिजण्याआधी तेलाच्या काजळीने बाद होण्याचीच शक्यता जास्त. टिकाऊपणासाठी मोजलेले जास्तीचे पैसे मग वसूल होत नाहीत. आणखी एक गंमत : बाजारात ज्याला ‘कॉपर प्लग’ म्हणतात त्याचे ठिणगी झेलणारे टोक सहसा निकेलच्या मिश्रधातूचे असते. तांबे असते ते आतल्या गाभ्यात, उष्णता वाहून नेण्यासाठी.

गैरसमज : उन्हाळ्यात ‘थंड’ प्लग लावावा, थंडीत ‘गरम’.

लखनौत मे-जूनमध्ये पारा चाळिशी सहज ओलांडतो आणि जानेवारीच्या धुक्यात एक अंकी होतो, त्यामुळे हा सल्ला शहाणपणाचा वाटतो. पण प्लगच्या बाबतीत गरम आणि थंड हे शब्द ठिणगीबद्दल नाहीत आणि ऋतूबद्दलही नाहीत. प्लगच्या टोकाची उष्णता किती वेगाने सिलिंडरच्या हेडमध्ये जाते, त्याचे ते माप आहे. आतले चिनी मातीचे नाक लांब असेल तर उष्णतेला लांबचा रस्ता पडतो आणि टोक गरम राहते. आखूड असेल तर ते लवकर निवते. टोक साधारण ४५० ते ५०० अंशांच्या वर राहिले तरच त्यावरची काजळी जळून जाते, आणि ८५०-९०० अंशांच्या पुढे गेले तर ते ठिणगीची वाट न पाहता स्वतःच मिश्रण पेटवू लागते. जळत्या मिश्रणाचे तापमान २००० अंशांच्या पुढे जाते. त्यापुढे बाहेरच्या हवेतला तीस-पस्तीस अंशांचा फरक नगण्य. थंड प्लग लागतो तो इंजिनावरचा ताण कायमचा वाढवल्यावर, म्हणजे कॉम्प्रेशन वाढवल्यावर किंवा शर्यतीसाठी इंजिन ट्यून केल्यावर. शर्यतवाले थंड प्लग वापरतात हे खरे, पण त्यांचे इंजिनही शर्यतीचे असते. शहरात चौथा गिअर क्वचितच पाहणाऱ्या गाडीत तोच प्लग काजळीने काळा पडेल. गोंधळात भर घालतात ते आकडे. एनजीकेच्या प्लगवर आकडा जितका मोठा तितका प्लग थंड. चॅम्पियनवर नेमके उलट, मोठा आकडा म्हणजे गरम. बॉशची जुनी पद्धत १४५, १७५, २२५ अशा आकड्यांची होती आणि तीत मोठा आकडा थंड असे. पुढे एक-दोन अंकी आकडे आले आणि दिशा उलटली. आपल्याकडे बॉशचे प्लग १९५१ साली स्थापन झालेल्या बंगळुरूच्या मायको कंपनीच्या नावाने मिळत, त्यामुळे जुन्या डब्यातला मायको प्लग आणि दुकानातला नवा बॉश यांचे आकडे शेजारी ठेवून निर्णय घेणे धोक्याचे. कंपनीचा तुलना-तक्ता पाहावा, आणि त्याबरोबर आट्यांची लांबीही. १४ मिलिमीटरचे प्लग १२.७ मिलिमीटर लांबीच्या आट्यांचे येतात तसे १९ मिलिमीटरचेही. आखूड हेडमध्ये लांब प्लग बसवला तर तो पिस्टनवर आदळू शकतो.

गैरसमज : प्लग पांढरा दिसला म्हणजे प्लग चुकीचा.

बिस्किटाच्या किंवा कॉफीच्या रंगाचा प्लग चांगला, हा जुन्या मेकॅनिकांचा धडा शिसेयुक्त पेट्रोलच्या काळात तयार झाला. शिसेयुक्त पेट्रोल देशभरातून २००० साली गेले आणि त्यानंतर निरोगी प्लगचा रंगही फिका झाला. आता पेट्रोलमध्ये एथेनॉल आहे, २०२५ पर्यंत त्याचे प्रमाण २० टक्क्यांवर पोहोचले. वजनाने पाहिले तर एक भाग पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ भाग हवा लागते, एथेनॉलला सुमारे ९ भाग. नव्या गाडीतला संगणक हा फरक ओळखून इंधन वाढवतो. जुन्या कार्ब्युरेटरचा जेट मात्र जेवढे द्यायचा तेवढेच देतो. परिणामी मिश्रण हवेकडे झुकते, जळणे अधिक गरम होते आणि प्लगचे नाक पांढरट पडते. अशा वेळी थंड प्लग लावला की रंग सुधारतो, दुखणे तसेच राहते. उपाय जेटमध्ये आहे. लॅम्ब्रेटात याचे दुसरेही कारण असू शकते. मॅग्नेटच्या बाजूचे ऑइल सील फाटले तर इंजिन तिथून फुकटची हवा ओढते आणि प्लग पांढरा पडतो. गिअरबॉक्सच्या बाजूचे सील गेले तर गिअरचे तेल आत ओढले जाते आणि प्लग ओला, काळा होतो. प्लग तोच, दुकान तेच, पण साक्ष दोन वेगळ्या गुन्ह्यांची. अशी साक्ष पॉलिश पेपरने घासून पुसून टाकणे म्हणजे पुरावा नष्ट करणे. शिवाय घासताना चिनी मातीवर राहिलेल्या ओरखड्यांत काजळी पुन्हा लवकर धरते.

गैरसमज : वायरीत रोध कमी, तर ठिणगी मोठी, म्हणून नुसत्या तांब्याची वायर उत्तम.

रोध म्हटला की गळती असे आपल्याला वाटते. पण ठिणगी उडण्याआधी वायरीतून विद्युतप्रवाह जवळपास वाहतच नाही, फक्त दाब चढत असतो. प्रवाह नाही तर रोधात व्होल्टेजही घटत नाही. म्हणून काही हजार ओहमची कार्बन वायर असूनही पुरते व्होल्टेज गॅपपर्यंत पोहोचते. ठिणगी उडाल्यावर मात्र तो रोध रेडिओत शिरणारी खरखर दाबतो आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशनला होणारा त्रास वाचवतो. जुन्या पॉइंटवाल्या (म्हणजे यांत्रिक संपर्कांनी ठिणगी पाडणाऱ्या) स्कूटरमध्ये तांब्याची वायर होती, हा आक्षेप बरोबर आहे, आणि मूळ पॉइंट असतील तर तीच ठेवायला हरकत नाही. इलेक्ट्रॉनिक सर्किट बसवले असेल तर रोधाचा कॅप किंवा रोधाचा प्लग हवा. वायर खरी हरते ती आवरणात. रबर कडक होऊन तडकले की धुक्याच्या किंवा पावसाच्या दिवशी दाब जवळचा रस्ता शोधून थेट लोखंडात उतरतो. ‘ओलाव्याने प्लग बसला’ अशी तक्रार येते तेव्हा कित्येकदा वायर किंवा, मोटारीत, डिस्ट्रिब्युटरचे झाकण बसलेले असते. रात्री अंधारात, हात दूर ठेवून, चालू इंजिनाच्या वायरींवर पाण्याचा हलका फवारा मारला की निळ्या ठिणग्या ठिकाण दाखवतात.

गैरसमज : गॅप मोठा ठेवावा आणि प्लग दाबून आवळावा.

कॉइल ठरलेले व्होल्टेज फेकत नाही. गॅप फुटेपर्यंत दाब चढत जातो. गॅप वाढवला तर जास्त दाब लागतो, आणि तो जुन्या कॉइलला किंवा पिकलेल्या वायरीला पेलला नाही तर नेमकी जोर लागतो तिथे, म्हणजे चढावर, गाडी मिसिंग करते. म्हणून पॉइंटच्या जुन्या इंजिनांत ०.५ ते ०.६ मिलिमीटरचा गॅप ठेवतात. तो फिलर गेजने मोजावा, डोळ्यांनी नव्हे. आवळण्याचेही तसेच. हेड ॲल्युमिनियमचे, प्लग पोलादाचा. जोर लावला तर आटे हेडचेच जाणार. इंजिन थंड असताना प्लग आधी बोटांनी बसवावा. वॉशर टेकल्यावर नवा प्लग अर्धा ते दोनतृतीयांश फेरा फिरवला की पुरे. वापरलेला वॉशर आधीच दबलेला असतो, त्याला बाराव्या भागाचा फेरा बस होतो.

चार सिलिंडरच्या गाडीत हेच नियम चौपट काळजीने लागू होतात. एमजीबीसारखी ब्रिटिश स्पोर्ट्स कार असो की कुर्ल्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी, दोघींचा फायरिंग क्रम १-३-४-२. एका वेळी एकच वायर बदलली तर हा क्रम पाठ असण्याचीही गरज पडत नाही. काढलेले चारही प्लग सिलिंडरच्या क्रमाने कापडावर मांडून ठेवावेत. चारही एकसारखे पांढरे असतील तर दोष मिश्रणात. तिसराच तेलकट असेल तर तिसऱ्या सिलिंडरच्या रिंगा किंवा व्हॉल्व्हचे सील पाहावे लागेल. लॅम्ब्रेटाकडे साक्षीदार एकच आहे, त्यामुळे त्याचे म्हणणे अधिकच लक्ष देऊन ऐकावे लागते. नवा प्लग बसवायला पाच मिनिटे लागतात. त्याआधी जुना उजेडात धरून पाहायला आणखी दोन.